कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरला किती फुटी रोटरी कटर? प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

काम असं आहे. साधारण दीड हेक्टर जमीन, बरीच वर्षं कोणी हात न लावलेली. दोन तृतीयांश भागात कमरेएवढं गवत आणि तण. उरलेल्या भागात झुडपं, अंगठ्याएवढ्या जाडीची रोपटी, मधेच एखादं मनगटाएवढं खोड. एका बाजूला उतार. ट्रॅक्टर हाताशी आहे: कॉम्पॅक्ट, २५ एचपी, हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता पेडलने हवा तो वेग देणारा), पुढे लोडर नाही. मागे रोटरी कटर लावायचाय हे पक्कं. किती फुटी घ्यायचा, एवढंच ठरायचंय. चार, साडेचार की पाच.

फ्लेल मोअरचाही (आडव्या रोलरवर छोटी छोटी पाती असलेला कटर) विचार झाला. तो बारीक कापतो, दगड कमी उडवतो आणि ट्रॅक्टरला चिकटून बसतो, त्यामुळे मागे वजन कमी लोंबतं. पण तेवढ्याच रुंदीला ताकद जास्त खातो, आणि या ट्रॅक्टरला झेपेल अशा हलक्या फ्लेलची छोटी पाती खोडांना पुरत नाहीत. बाद. रोटरी कटरची दोन जड पाती बोल्टवर सैल झुलत असतात. फिरताना वेगामुळे ती आपोआप बाहेर ताणली जातात, आणि न कापण्यासारखं काही आडवं आलं की मागे दुमडतात. आपल्या जमिनीला हेच हवं.

विचारलं त्या प्रत्येकाचं उत्तर एकच: "२५ एचपी ना? मग पाच फुटी घ्या, डोळे झाकून." डोळे उघडे ठेवून बघू म्हटलं.

१४ जानेवारी

आधी ताकद. बॉनेटवर लिहिलेले २५ एचपी इंजिनाचे. कटर फिरवतो पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारं चालवणारा फिरता शाफ्ट), आणि पीटीओपर्यंत पोचेस्तोवर त्यातले काही गळतात. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडलं: पीटीओवर १९ एचपी. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरला हा आकडा इंजिनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये पंप-मोटरच आपला वाटा आधी काढून घेतात, म्हणून त्याहून कमी. कटरच्या बाबतीत यापुढे २५ हा आकडा विसरायचा.

ठोकताळा असा की कापण्याच्या रुंदीच्या दर फुटाला पीटीओचे ५ एचपी लागतात. म्हणजे चार फुटीला २०, साडेचारला साडेबावीस, पाचला २५. या हिशेबाने आपल्याला चार फुटीसुद्धा काठावरच बसतो.

पण ठोकताळ्यात ट्रॅक्टर किती वेगाने चालतोय आणि समोर काय उभं आहे हे धरलेलंच नाही. ताकद दोन ठिकाणी जाते. एक भाग नुसती पाती आणि गिअरबॉक्स फिरत ठेवायला लागतो, तो जवळजवळ ठरलेला. दुसरा भाग दर सेकंदाला किती माल पात्याखाली येतो त्यावर, म्हणजे रुंदी, वेग आणि दाटी या तिघांवर. रुंदी वाढवली तर वेग कमी करून हिशेब जुळवता येतो. गिअरच्या ट्रॅक्टरला यात अडचण असते, कारण सर्वांत खालच्या गिअरलाही एक ठरावीक वेग असतो. हायड्रोस्टॅटिकचा फायदा इथे होतो: इंजिन पूर्ण आरपीएमवर, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, आणि पेडल हलकं दाबून ट्रॅक्टर हवा तेवढा हळू.

थोडक्यात, एचपीवरून पाच फुटी बाद ठरत नाही. हळू चालवायची तयारी हवी, एवढंच.

१५ जानेवारी

टेप घेऊन मोजमाप. मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी १३० सेंमी. आता कटर: चार फुटी १२२ सेंमी कापतो, साडेचार १३७, पाच १५२. चार फुटीने दोन्ही बाजूंना ४-४ सेंमी चाकाचा पट्टा राहून जाणार. चाकाखाली झोपलेलं गवत न कापताच राहतं, आणि दोनेक दिवसांत पुन्हा मान वर काढतं. पाच फुटीवाल्या मंडळींचा खरा मुद्दा हाच आहे, आणि तो चुकीचा नाही.

मागच्या चाकांच्या रिम उलट्या बसवून रुंदी ११८ पर्यंत आणता येते. मग चार फुटी पुरतो. पण ट्रॅक्टर उतारावर चालवायचाय, आणि अरुंद केलेला ट्रॅक्टर लवकर कलंडतो. गवताच्या दोन पट्ट्यांसाठी हे करायचं नाही.

आणखी एक: जाहिरातीतली रुंदी कापण्याची असते. डेकची (पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाची) बाहेरची रुंदी ८-१० सेंमी जास्त भरते. झाडांच्या मधून काढताना तीच लागते.

१९ जानेवारी

आज वजनाचा हिशेब. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि माझ्या मते निकालही इथेच लागतो.

मॅन्युअलमध्ये हायड्रोलिकची उचलण्याची क्षमता ५०० किलो दिली आहे. त्याच्यापुढे बारीक अक्षरात: बॉल एंडच्या, म्हणजे अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या (लोअर लिंकच्या) टोकांच्या, मागे ६१ सेंमीवर. काही कंपन्या थेट बॉल एंडवरचा आकडा छापतात. तो मोठा दिसतो, म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना कोणता आकडा कुठला हे बघावं लागतं. रोटरी कटर मात्र ६१ सेंमीत मावत नाही. डेक लांब, त्यामागे टेलव्हील (कटरला मागून टेकू देणारं छोटं चाक). पाच फुटीचा गुरुत्वमध्य बॉल एंडपासून साधारण ११० सेंमी मागे पडतो. लोअर लिंकच्या लांबीसकट ढोबळ त्रैराशिक मांडलं तर तिथे ५०० चे साडेतीनशेच्या वर थोडेच उरतात. बघितलेल्या पाच फुटीचं वजन २७५ किलो. म्हणजे उचलेल.

हा हिशेब मिस्त्रींना दाखवला. त्यांनी कागद परत केला आणि म्हणाले, "उचलेल हो दादा. पण वळवाल कसा?"

बरोबर. मागे लोंबणारं वजन मागच्या ॲक्सलला टेकू करून पुढची चाकं वर उचलतं. किती, ते काढणं सोपं आहे: अवजाराचं वजन गुणिले मागच्या ॲक्सलपासून त्याच्या गुरुत्वमध्याचं अंतर, भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर). आपला व्हीलबेस १५० सेंमी. ट्रॅक्टर ९५० किलो, त्यातले ३८० पुढच्या ॲक्सलवर. बॉल एंड मागच्या ॲक्सलपासून ७५ सेंमीवर.

पाच फुटी: २७५ किलो, ॲक्सलपासून १८५ सेंमीवर. पुढून ३३९ किलो कमी होतात. ३८० मधून ३३९ गेले, उरले ४१. दोन चाकांना मिळून ४१ किलो. एका खड्ड्यात कटर हिसकला की चाकं हवेत.

साडेचार फुटी: २२५ किलो, १७५ सेंमीवर. पुढून २६२ जातात, उरतात ११८.

हलका चार फुटी: १९० किलो, १६५ सेंमीवर. जातात २०९, उरतात १७१.

स्टिअरिंग ताब्यात राहायचं तर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या ॲक्सलवर हवेत, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्यासाठी १९० किलो. पुढच्या ॲक्सलच्या ५५ सेंमी पुढे वजनं टांगली तर दर किलोमागे ॲक्सलवर १.३७ किलो पडतात. त्या हिशेबाने हलक्या चार फुटीला १४ किलो टांगले की पुरे, साडेचारला ५३, पाचला १०९. आपल्या ब्रॅकेटवर एवढ्या वजनाच्या प्लेटा मावतच नाहीत. बसवायच्याच म्हटलं तर वेगळी फ्रेम करून घ्यावी लागेल, आणि मग पुढचा ॲक्सल नि त्याच्या बेअरिंगा ते वजन कटर काढल्यावरही वाहत राहणार.

पुढून गेलेले किलो हवेत विरत नाहीत, मागच्या टायरांवर येतात. पाच फुटी उचलून धरला की मागे ५७० चे जवळपास ११८० होतात. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा आणि त्या वेळची हवा, दोन्ही तपासायला हवं.

क्विक हिच (अवजार पटकन जोडायची मधली चौकट) लावायची इच्छा होती, कारण एकट्याने जोडणं सोपं पडतं. पण ती अवजाराला दहा-बारा सेंमी आणखी मागे ढकलते आणि स्वतःचंही वजन घालते. या ट्रॅक्टरवर कटरसाठी तरी नको.

२३ जानेवारी

एका ओळखीच्यांकडून पाच फुटी आजच्यापुरता मागून आणला. नुसत्या आकड्यांवर भांडण्यापेक्षा चालवून बघितलेलं बरं. पुढे मिळाल्या तेवढ्या प्लेटा अडकवल्या आणि फक्त सपाटीवर चालवला.

गवतात अप्रतिम. ताशी ५ किमीला इंजिन कुरकुरलंही नाही, चाकांचे पट्टे साफ, दोन्ही बाजूंना ११ सेंमी जादा. इथे थांबलो असतो तर पाच फुटीच घेतला असता.

मग झुडपांत घातला. पहिल्या पाच-सहा मीटरांतच आवाज खाली बसला. टॅकोमीटर २,५०० वरून २,००० वर, म्हणजे पीटीओ ५४० वरून ४३० च्या आसपास. या कटरच्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर १:१.४७ आहे, म्हणजे पूर्ण वेगात पाती मिनिटाला ७९४ फेरे घेतात आणि टोकाचा वेग सेकंदाला ६३ मीटर असतो. पीटीओ ४३० वर आला की तोच वेग ५० वर येतो. फरक जमिनीवर दिसतो: उतरून बघितलं तर रोपटी कापलेली नव्हती, चेचलेली होती. बुंध्यावर कुंच्यासारखी झिपरी टोकं, साल खालपर्यंत सोललेली. अशा बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. पाती वेगात असली की कापतात, वेग उतरला की नुसती बडवतात.

ताशी २ किमीवर आणल्यावर आरपीएम सावरला आणि काप नीट आला. म्हणजे हळू चालवायची तयारी असली तर चालतं, हे खरंच.

वळणावर मात्र मिस्त्रींचा प्रश्न समोर उभा राहिला. कटर उचलला, स्टिअरिंग फिरवलं, चाकं वळलेली डोळ्यांनी दिसली, आणि ट्रॅक्टर सरळच चालत राहिला. एका बाजूचा ब्रेक दाबून फिरवावा लागला. हे सपाटीवर, पुढे प्लेटा असताना.

२४ जानेवारी

कालच्यावरून कामाचा वेग. दोन पट्ट्यांत १० सेंमी एकमेकांवर धरले. दाट भागात पाच फुटी १.४२ मीटर गुणिले ताशी २ किमी, तासाला २,८४० चौरस मीटर. चार फुटी त्याच ताकदीत ताशी ३ किमी सहज जाईल: १.१२ गुणिले ३, तासाला ३,३६०. अरुंद कटर पुढे निघतो, कारण पाती फिरत ठेवण्यात त्याची ताकद कमी जाते. मोकळ्या गवतात दोघं ५ किमीने धरले तर ७,१०० विरुद्ध ५,६००, तिथे पाच फुटी सरळ पुढे. वळणं आणि थांबणं यात जाणारा वेळ दोघांनाही सारखाच आहे, तो धरलेला नाही.

जमिनीचा एक तृतीयांश भाग दाट आहे, पण वेळेचा निम्म्याच्या आसपास भाग तोच खातो. एकूण वेळेत पाच फुटीची बचत वाटते त्याहून बरीच कमी निघते. नुसतं मोकळं, सपाट गवत असतं आणि पुढे लोडर असता, तर मी उलट बाजूने बोललो असतो.

२८ जानेवारी

रुंदीच्या नादात जाडी मागे पडली होती. आज तीच बघितली.

एकाच रुंदीचे कटर हलके, मध्यम, जड असे येतात. हलक्याला २५ मिमीपर्यंतची खोडं सांगतात, मध्यमला ५० मिमी, जडला ७५ आणि त्यापुढे. हा फरक नुसत्या नावाचा नाही. हलक्याचा डेक पावणेतीन मिमी पत्र्याचा, मध्यमचा साधारण साडेतीन. पाती हलक्याला बारीक, मध्यमला १२ मिमी जाड. गिअरबॉक्सचं रेटिंग ट्रॅक्टरच्या पीटीओ एचपीपेक्षा भरपूर वर हवं, कारण खोडाला आपटल्यावर क्षणभर येणारा धक्का १९ एचपीचा नसतो. तो फिरणाऱ्या पात्यांत साठलेल्या जोराचा असतो.

डेकच्या खाली डोकावून बघावं. पाती नुसत्या आडव्या पट्टीवर लावलेली असली तर ती पट्टी बुंध्यावर आपटते. मध्यमला गोल बशीसारखा स्टंप जंपर असतो, तो बुंध्यावर चढून घसरत पुढे जातो. गिअरबॉक्सचा शाफ्ट वाकण्यापासून तोच वाचवतो. आपल्याला तो हवाच.

संरक्षण शिअर बोल्टचं की स्लिप क्लचचं (जोर जास्त झाला की घसरणारा क्लच)? शिअर बोल्ट साधा: जोरात आपटलं की बोल्ट तुटतो, शाफ्ट वाचतो, नवा बोल्ट घाला. अट एकच, त्याच ग्रेडचा घालायचा. हाताला लागेल तो कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. बुंध्यांच्या जमिनीवर सारखं उतरून बोल्ट बदलणं नको, म्हणून स्लिप क्लच.

ओव्हररनिंग क्लचचीही (एकाच दिशेने जोर पोचवणारा) चौकशी केली. पीटीओचा क्लच वेगळा नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरना तो लागतोच. क्लच दाबला तरी फिरणारी पाती उलट पीटीओतून ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात, आणि ट्रॅक्टर थांबत नाही. आपल्या ट्रॅक्टरला स्वतंत्र पीटीओ क्लच आहे, इथे गरज नाही.

विक्रेत्याने पुन्हा पाच फुटी हलका सुचवला. चार फुटी मध्यम आणि साडेचार फुटी हलका, दोघांचं वजन जवळपास एकच: २२५ किलो. माझ्यासाठी गोष्ट इथे सुटली. ट्रॅक्टर मागे किती किलो वाहू शकतो ते ठरलेलं आहे. ते किलो रुंदीत घालायचे की जाडीत, एवढंच आपल्या हातात. ज्या जमिनीत मनगटाएवढी खोडं आहेत तिथे जाडीत.

२ फेब्रुवारी

चार फुटी मध्यम ठरवला.

चाकांच्या पट्ट्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. या कटरचा हिच फ्रेम (ट्रॅक्टरला जोडायची चौकट) डेकवर सरकवता येतो; डेक १५ सेंमी उजवीकडे घेता येतो. मग उजव्या चाकाच्या बाहेर ११ सेंमी कापलं जातं, आणि डाव्या चाकाचा १९ सेंमी पट्टा उघडा राहतो. न कापलेलं गवत कायम उजव्या हाताला ठेवून, बाहेरून आत फेऱ्या मारत आलं की डावं चाक आधीच कापलेल्या पट्ट्यावरून जातं. फक्त पहिल्या फेरीत कडेला एक पट्टा झोपतो, तो शेवटी उलट दिशेने जाऊन घ्यायचा. बाजूला वजन सरकल्याने ट्रॅक्टर किंचित उजवीकडे झुकणार, म्हणून उतारावर डेक परत मध्ये आणायचा.

पट्टा कसा चालवायचा हे आपण ठरवू शकतो. पुढच्या ॲक्सलला समजावता येत नाही.

९ फेब्रुवारी

कटर आला. जोडण्याआधी पीटीओ शाफ्ट. सोबत आलेला शाफ्ट कुठल्याही ट्रॅक्टरला पुरेल असा लांब देतात, तो आपल्या मापाला कापावाच लागतो. न कापता जोडला तर कटर वर-खाली होताना नळ्या एकमेकींत पूर्ण बसतात, आणि मग शाफ्ट एकीकडे ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला नि दुसरीकडे गिअरबॉक्सला ढकलतो.

कटर जोडून हळूहळू उचलला आणि पीटीओ ते गिअरबॉक्स अंतर सर्वांत कमी कुठे होतं ते पकडलं. शाफ्ट साधारण आडवा असताना, ८४ सेंमी. पूर्ण मिटलेला शाफ्ट ९० भरला. ६ सेंमी तर जायलाच हवेत, वर निदान अडीच सेंमी मोकळीक. ९ कापायचं ठरलं. ९ सेंमी आतल्या नळीचे, ९ बाहेरच्या नळीचे, आणि प्लॅस्टिकच्या दोन्ही कव्हरांचेही तेवढेच. कव्हर कापायला विसरलं तर कव्हरच आपटतं आणि फुटतं.

हॅकसॉने कापून कानशीने आतली-बाहेरची कड साफ केली. मिस्त्रींनी बोट आत घालून फिरवलं, एक बारीक बर (कापताना राहिलेला धातूचा कच) सापडली, पुन्हा कानस. ती राहिली असती तर नळी जोराखाली अडकली असती. पुसून ग्रीस लावलं, दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे फाटे) एका रेषेत ठेवून बसवलं. सर्वांत लांब अवस्थेत अंतर ९१ सेंमी. तेव्हाही नळ्या एकमेकींत एक तृतीयांशापेक्षा जास्त गुंतलेल्या राहतात, तेवढ्या राहायलाच हव्यात.

शाफ्टचा कोन २५ अंशांच्या वर गेला की क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) खडखडतो. लिफ्टच्या लिव्हरला त्या उंचीवर स्टॉप लावला. पाती फिरत असताना त्याच्या वर उचलायचं नाही.

१० फेब्रुवारी

गिअरबॉक्समध्ये तेल आहे का बघितलं. पातळी खूणेच्या खाली होती, ८०डब्ल्यू-९० भरलं. नवा आहे म्हणून भरलेलंच असेल असं धरू नये.

स्लिप क्लच दुकानात पडून राहिला की त्याच्या प्लेटा गंजाने चिकटतात. मग तो नावापुरता क्लच, घसरत नाही. म्हणून आधी स्प्रिंगांची लांबी मोजून लिहून ठेवली, प्लेटांच्या कडेवर खडूने आडवी रेघ मारली, सगळे नट सारखे दोन-दोन फेरे सैल केले. कटर जमिनीवर टेकवून, इंजिन कमी आरपीएमवर, पीटीओ दोन-तीन सेकंद झटक्यात लावला आणि काढला. पाती जड असल्याने ती लगेच वेग घेत नाहीत, आणि तेवढ्यात क्लच घसरतो. थोडा जळका वास आला. सगळं पूर्ण थांबल्यावर बघितलं तर खडूची रेघ तुटलेली, प्रत्येक प्लेटवर वेगळ्या जागी. सुटला. नट पुन्हा मोजलेल्या लांबीवर आणले. अंदाजाने जास्त आवळले असते तर सगळी खटपट वाया.

पात्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे. पात्यांना धार काढायची गरज नाही. या पात्यांना वस्तऱ्यासारखी धार ठेवतच नाहीत. दीडेक मिमी बोथट कड ठेवायची, नाहीतर पहिल्याच दगडाला कड मुडपते. पुढे कधी काढली तर दोन्ही पात्यांची सारखीच झिजवायची. एक हलकं झालं की सगळा कटर थरथरतो.

११ फेब्रुवारी

ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर चढवली. कटर नसताना ३८०. कटर उचलून धरल्यावर १३६. कागदावर १३२ आले होते. ४४ किलोच्या प्लेटा अडकवल्यावर १९६. हवे होते १९०. ब्रॅकेटमध्ये प्लेटा बसल्या, वेगळी फ्रेम लागली नाही.

१३ फेब्रुवारी

लेव्हल. आडवं सरळ केलं. पुढून-मागून मात्र डेकची पुढची कड मागच्यापेक्षा दोनेक सेंमी खाली ठेवली. पुढच्या बाजूने एकदा कापलं की झालं, मागे येताना पाती कापलेल्या मालावरून मोकळी जातात. मागची कड खाली ठेवली तर तोच माल पुन्हा-पुन्हा कुटला जातो. बारीक होतो, पण ताकद खातो, आणि आपल्याकडे फालतू ताकद नाही.

टॉप लिंक (अवजाराची वरची जोडदांडी) ताठ ठेवायची नाही. जमिनीवर कटर टेलव्हीलवर स्वतः वर-खाली झाला पाहिजे. उचलताना आधी पुढचा भाग उठतो, मग टॉप लिंक ताणली जाते आणि टेलव्हील वर येतं. ट्रॅक्टर एखाद्या खळग्यातून बाहेर पडताना लिंक ताठ असेल तर टेलव्हील रुततं आणि फ्रेम वाकते.

संध्याकाळी जमीन पायी फिरून घेतली. गवतात कुंपणाची जुनी तार निघाली, हातभर लांबीची वाटली आणि ओढत गेलो तर संपेचना. तार पात्याच्या बोल्टाभोवती गुंडाळली जाते आणि गिअरबॉक्सचं सील फाडते. गोळा करून बाजूला. मोठे दगड दिसले तिथे काठ्या रोवल्या.

१४ फेब्रुवारी

आज चालवला. गिअरबॉक्सचं गुणोत्तर १:१.९३, म्हणजे ५४० वर पाती मिनिटाला १,०४२ फेरे घेतात. टोकाचा वेग सेकंदाला ६७ मीटर, ताशी २४० किमीच्या जवळ. त्या वेगाने उडालेला दगड किती लांब जाईल हे मॅन्युअल स्पष्ट सांगतं: ९० मीटरच्या आत कोणी नको. पुढे-मागे साखळ्यांचे गार्ड आहेत, तरी मिस्त्रींना लांब उभं केलं. ते कुरकुरले, पण गेले.

गवतात ताशी ५ किमी, आरपीएमची सुई हललीही नाही. डेक उजवीकडे सरकवून फेऱ्या मारल्या. डाव्या चाकाचा पट्टा शोधावा लागतो, इतका पुसट. झुडपांत ताशी ३ किमीने गेला, आवाज फक्त दोनदा बसला. दोन्ही वेळेला पेडल सैल सोडलं, आवाज वर आला, पुन्हा पुढे. बुंधे सपाट कापलेले. एका मनगटाएवढ्या खोडावर क्लच घसरला. मागे घेतलं, पीटीओ बंद केला, पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबलो. ती बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतात, म्हणून आवाज थांबला तरी लगेच खाली वाकायचं नाही. ते खोड ५० मिमीच्या बरंच वरचं होतं. ते करवतीचं काम.

वळणावर कटर उचलला, स्टिअरिंग फिरवलं, ट्रॅक्टर वळला. ब्रेकला पाय लावावा लागला नाही.

१६ फेब्रुवारी

पात्यांचे बोल्ट पुन्हा तपासले. एक नट थोडा फिरला, बाकी जागेवर. नव्या मशीनचे बोल्ट सुरुवातीच्या तासांत बसतात, म्हणून हे लवकर करायचं. क्लच हाताला कोमट, ठीक. दर ८ तासांनी क्रॉसना आणि शाफ्टच्या नळ्यांना ग्रीस, हे ट्रॅक्टरच्या फेंडरवर मार्करने लिहून टाकलं.

उताराचा तुकडा बाकी आहे. तिथे डेक मध्ये, रोलबार (कलंडल्यास चालकाला वाचवणारी कमान) उभा, सीट बेल्ट लावलेला, आणि चालवायचं वर-खाली, आडवं नाही. सकाळचं दव वाळल्यावरच. त्याआधी मागच्या दोन्ही टायरांची हवा एकसारखी करून घ्यायची आहे, डावा आज थोडा बसलेला दिसला.